परक्या बाईची पत्रे

१८३२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, २८ तारखेला, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा बंदरातून एक पत्र पॅरिसला निघाले. ते ओनोरे द बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकाराच्या नावचे होते, पण पाठवले होते त्याच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर. उत्तर पाठवायला पत्ता नव्हता आणि खाली नावही नव्हते. सहीच्या जागी फ्रेंच भाषेतला एक शब्द होता. त्याचा अर्थ, परकी बाई.

बाल्झाक तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याची ‘ला पो द शाग्रँ’ ही कादंबरी आली होती आणि गाजली होती. मालकाची प्रत्येक इच्छा पुरी करणारे, पण प्रत्येक इच्छेबरोबर आखडत जाणारे आणि त्याबरोबर मालकाचे आयुष्यही आखडवणारे एक कातडे, अशी ती गोष्ट. वाचक बायकांची पत्रे त्याला ढिगाने येत. ओडेसाच्या बाईने मात्र कौतुकाबरोबर तक्रारही केली होती असे सांगतात. आधीच्या पुस्तकांत बायकांचे मन इतके नेमके ओळखणाऱ्या लेखकाने या पुस्तकात त्यांना असे का रंगवावे, हे तिला रुचले नव्हते. सांगतात असे म्हणायचे कारण, ते पत्र आज कोणापाशी नाही. त्या बाईने पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत बाल्झाकला लिहिलेली जवळजवळ सगळीच पत्रे नाहीत. ती का नाहीत, आणि नसल्यामुळे शंभर-दीडशे वर्षे तिच्या पदरी काय आले, ते मला सांगायचे आहे.

मी उभी हयात बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. बाल्झाकची आणि माझी गाठ साहित्यापेक्षा कर्जामुळे पडली असे म्हणायला हरकत नाही. हुंडीची मुदत किती, वटाव किती कापला, जामीन कोण राहिले, हे त्याच्या कादंबरीत जितके चोख सापडते तितके मी क्वचितच कुठे वाचले आहे. नायक प्रेमात पडलेला असतो आणि त्याच्या खिशात किती फ्रँक उरलेत हे वाचकाला ठाऊक असते. एका अत्तरवाल्याच्या दिवाळ्याची ‘सेझार बिरोतो’ ही त्याची कादंबरी शाखेत नव्याने लागलेल्या मुलांना मी आग्रहाने वाचायला सांगत असे. कोणी वाचली नाही ते सोडा.

तर माणूस असा. जन्म २० मे १७९९, तूर गावी. जन्मल्याबरोबर त्याला दाईकडे ठेवले गेले आणि आठव्या वर्षी व्हाँदोमच्या निवासी शाळेत. तिथे तो सहा वर्षे होता आणि त्या सहा वर्षांत आईने त्याला भेटायला येण्याचे प्रसंग बोटांवर मोजावेत इतके. आईविषयीची ही अढी त्याने जन्मभर बाळगली. पुढे पॅरिसला कायदा शिकला, नोटरीच्या कचेरीत उमेदवारी केली. तिथे त्याने मृत्युपत्रे, वाटण्या, हुंड्याचे करार इतके पाहिले की नंतर विषयांची टंचाई त्याला कधी भासली नाही. वीस वर्षांचा असताना लेखक व्हायचे म्हणून माळ्यावरच्या खोलीत राहून एक शोकांत नाटक लिहिले. ते पडले. मग टोपणनावांनी भाराभर कादंबऱ्या. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी लोर द बेर्नी नावाची, त्याच्याहून बावीस वर्षांनी मोठी, नऊ मुले झालेली बाई त्याच्या आयुष्यात आली. त्याला जे आईकडून मिळाले नव्हते ते तिने दिले, आणि भांडवलही दिले.

भांडवल कसले, तर पुस्तक प्रकाशनाचे. मोलिएर आणि ला फाँतेन यांचे समग्र वाङ्मय एकेका खंडात बारीक टायपात काढण्याची कल्पना. ती बुडाली. तो तोटा भरून काढायला छापखाना, छापखान्याचा तोटा भरून काढायला टाइप ओतण्याचा कारखाना. बुडणाऱ्या खातेदाराची ही चाल मी पुष्कळदा पाहिली आहे. १८२८ साली सगळे आटोपले तेव्हा एकोणतिसाव्या वर्षी बाल्झाकच्या डोक्यावर पन्नास हजार फ्रँकांहून जास्त कर्ज होते, त्यातले बरेचसे आईचे आणि लोरबाईंचे. गंमत अशी की तोच टाइपाचा कारखाना लोरबाईंच्या मुलाने हाती घेतल्यावर उत्तम चालला, आणि पुढे शंभरावर वर्षे फ्रान्समधल्या नामांकित टाइप कारखान्यांत त्याची गणना होत राहिली. धंदा वाईट नव्हता. धंदेवाला कल्पनेतला होता.

हे कर्ज फेडण्यासाठी तो लिहू लागला आणि लिहिता लिहिता बाल्झाक झाला. संध्याकाळी सहाच्या सुमारास झोपायचे, मध्यरात्री उठायचे, साधूसारखा पांढरा झगा चढवायचा, मेणबत्त्या लावायच्या आणि काळ्या कॉफीवर सकाळपर्यंत लिहीत राहायचे. प्रुफे आली की तीवर इतके नवे लिहायचे की जुळारी रडकुंडीला यायचे, आणि त्या दुरुस्त्यांचा खर्च त्याच्याच मानधनातून वळता व्हायचा. अशा माणसाच्या टेबलावर ओडेसाचे ते बिननावाचे पत्र येऊन पडले.

त्याने उत्तर द्यायचा यत्न केला. एप्रिलमध्ये ‘गॅझेत द फ्रान्स’ या वृत्तपत्रात चार ओळींची जाहिरात देऊन पत्र पोचल्याचे कळवले. ती बाईच्या नजरेस पडली नसावी. तिने आणखी पत्रे लिहिली, आणि ७ नोव्हेंबरच्या पत्रात पोच कशी द्यावी याचा मार्गही सुचवला. ‘कोतिदिएन’ नावाचे राजनिष्ठांचे एक दैनिक होते. झारच्या राज्यात त्याला मज्जाव नव्हता. त्यात दोन शब्द छापावेत, एवढीच मागणी. ९ डिसेंबर १८३२ च्या अंकात ते छापले गेले.

बाई होती एव्हलिना हान्स्का. जन्माने पोलिश उमरावांच्या झेवुस्की घराण्यातली, लग्नाने युक्रेनमधल्या व्हेर्खोव्न्या या अफाट जहागिरीची मालकीण. हा मुलूख तेव्हा रशियन साम्राज्यात होता. जमीन एकवीस हजार हेक्टरांच्या आसपास, तीन हजारांवर भूदास, आणि वाडा असा की आत शिरलेला माणूस हरवावा. नवरा व्हेन्सेस्लास हान्स्की तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा, प्रकृतीने तोळामासा. झालेल्या मुलांपैकी अ‍ॅना नावाची एकच मुलगी जगली होती. वर्षातले कित्येक महिने भोवताली बर्फ. पॅरिसहून मागवलेली पुस्तके हाच काय तो विरंगुळा. पहिले पत्र तिने घरातल्या दोघीतिघींच्या संगतीने करमणूक म्हणून लिहिले, असे चरित्रकार म्हणतात. असेल. पुष्कळ गोष्टी करमणूक म्हणूनच सुरू होतात.

आता पत्रव्यवहार सुरू झाला. तो चालायचा कसा तेही सांगण्यासारखे आहे. अ‍ॅनाची शिकवणी घेणारी स्वित्झर्लंडची एक बाई, हेन्रिएत बोरेल, वाड्यात राहत होती. बाल्झाकचे पत्र वरच्या लखोट्यावर तिच्या नावाने जायचे आणि आतला लखोटा मालकिणीकडे. सुरुवातीच्याच दिवसांत एक विनोद झाला. बाल्झाककडून आलेल्या दोन पत्रांतले अक्षर निराळे असल्याचे एव्हलिनाच्या ध्यानात आले. तिने विचारले. त्याने सारवासारव केली, की माझे अक्षर माझ्या मनःस्थितीप्रमाणे रोज बदलते. झुल्मा कारो नावाच्या त्याच्या एका विश्वासू मैत्रिणीने एक पत्र त्याच्यासाठी लिहिले असावे, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. नमुना सही पडताळण्यात माझी नजर गेली. तेव्हा मला या ठिकाणी एव्हलिनाचे कौतुक वाटते. तिला फसवले जात आहे हे पहिल्या दोन-तीन पत्रांत तिच्या लक्षात आले, आणि तरी तिने तिसरे पत्र लिहिले.

२५ सप्टेंबर १८३३ रोजी न्यूशातेल या स्विस गावात दोघांची पहिली भेट झाली. हान्स्की कुटुंब तिकडे प्रवासाला आले होते, नवराही बरोबर होता. सरोवराकाठच्या बाकावर ती त्याचीच कादंबरी वाचत बसली होती वगैरे जे सांगतात ते सोडून देऊ. पाचेक दिवस तो राहिला. पुरता एकांत मिळाला नाही. त्यानंतर नाताळच्या सुमारास तो जिनिव्हाला गेला, फेब्रुवारीपर्यंत राहिला, आणि तिथे ती त्याची झाली. त्याच्या पत्रांत १८३४ च्या जानेवारीतल्या २६ तारखेची आठवण पुढे वर्षानुवर्षे येत राहते.

फ्रेंचमध्येही आपल्यासारखे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. या काळातली बाल्झाकची पत्रे दोन तऱ्हांची आहेत. ‘तुम्ही’ची पत्रे नवऱ्याने वाचली तरी चालतील अशी, हान्स्कीसाहेबांना सादर प्रणाम आणि छोट्या अ‍ॅनाला आशीर्वाद असलेली. ‘तू’ची पत्रे चोरून द्यायची. एकाच टेबलावर, एकाच दौतीतून. १८३४ च्या उन्हाळ्यात त्यातली दोन पत्रे हान्स्कीच्या हाती पडली. मग कादंबरीकाराने आपली सगळी कला पणाला लावून हान्स्कीलाच पत्र लिहिले, की बाईसाहेबांनी एकदा थट्टेत खरे प्रेमपत्र कसे असते असे विचारले होते, म्हणून नमुन्यादाखल दोन लिहून पाठवली. हान्स्कीने ते मानले. त्याला खरे वाटले असेल यावर माझा विश्वास नाही. जहागीरदार माणूस, त्याने खाते बंद करण्यापेक्षा पुढची मुदत दिली.

१८३५ च्या मे-जूनमध्ये व्हिएन्नाला काही आठवडे भेट झाली. त्यानंतर आठ वर्षे दोघांनी एकमेकांना पाहिले नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंडचा मुलूख ओलांडून घोडागाडीने जाणारे टपाल, रशियन हद्दीत ते फोडले जाण्याची धास्ती, पत्र आणि उत्तर यांच्यामध्ये आठवड्यांमागून आठवडे. मला या आठ वर्षांचे जास्त अप्रूप वाटते. भेटी झाल्या त्या काळाविषयी सगळेच लिहितात.

या काळात बाल्झाक रोजनिशीसारखे पत्र लिहू लागला. आज चार ओळी, परवा दोन पाने, आठवड्याने आणखी, असे करत जाडजूड पुडके झाले की रवाना करायचे. त्यात काय नसे? आज किती पाने लिहिली, किती प्रुफे तपासली, कोणत्या प्रकाशकाने दगा दिला, महिनाअखेर कोणती हुंडी द्यायची आहे, एकूण देणे किती, या वर्षी किती फिटेल, किती वर्षांत मोकळा होईन. प्रेमपत्रात थकबाकीची यादी देणारा असा प्रियकर माझ्या वाचनात दुसरा नाही. आणि दर यादीच्या शेवटी तेच, की आणखी दोन वर्षे, फार तर तीन. १८३६ मध्ये त्याने घेतलेले नियतकालिक बुडाले, त्याच वर्षी लोर द बेर्नी वारली. दोन वर्षांनी तो सार्डिनियात जुन्या रोमन खाणींच्या टाकाऊ ढिगाऱ्यांतून चांदी काढायला गेला, तर मक्ता दुसऱ्यानेच मिळवला होता. पॅरिसबाहेर जमीन घेऊन अननस पिकवण्याचा बेत केला. हे सगळे व्हेर्खोव्न्याच्या वाड्यात यथावकाश पोचत होते, नफ्याच्या अंदाजासकट.

आणि तिची पत्रे त्याच्यापर्यंत कशी येत? तो धनकोंना चुकवत राहणारा माणूस. शायोच्या घराचे भाडेपत्र त्याने द्युराँ नावाच्या एका काल्पनिक विधवेच्या नावाने केले होते. पुढे पासी इथले घर घरकामाच्या बाईच्या नावावर होते, आणि त्याला मागून दुसऱ्या गल्लीत उतरणारी वाट होती. वसुलीचा माणूस पुढच्या दाराशी आला की मालक मागच्या दाराने पसार. ते घर अजून आहे, आता तिथे त्याचे संग्रहालय आहे. साऱ्या पॅरिसपासून पत्ता लपवणाऱ्या या माणसाला युक्रेनहून येणाऱ्या एका लखोट्याला मात्र आपला पत्ता नेमका सापडायला हवा असे. शिवाय त्या काळी फ्रान्समध्ये तिकिटे नव्हती, ती आली १ जानेवारी १८४९ रोजी. तोवर टपालाचा आकार बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचा. आपल्याकडे बैरंग पत्र सोडवून घ्यायला दारातल्या पोस्टमनला पैसे मोजावे लागत, तसे. तेव्हा ज्या दिवशी खिशात दमडी नसे त्या दिवशीही तिचे पत्र विकत घेऊनच वाचावे लागे.

ती पत्रे कधी महिनोन्‌महिने येत नसत. मग त्याची चिडचिड, विनवण्या, रुसवे. आपण इथे ओळ वाचायची आणि पलीकडे काय लिहिले असेल ते ताडायचे. तो एका पत्रात अमुक आरोप खोडून काढतो, म्हणजे तिने तो केला होता. तो आपण साधूसारखे जगतो म्हणून शपथ घेतो, म्हणजे तिला काहीतरी कळले होते. तिला बरोबर कळले होते. १८३४ मध्ये मारिया द्यु फ्रेने या बाईपासून त्याला मुलगी झाली. १८३५ पासून काउंटेस ग्विदोबोनी-व्हिस्कोंती ही इंग्लिश बाई त्याच्या आयुष्यात होती आणि १८३७ साली तो तिच्या घरी लपलेला असताना बेलिफ दारात उभा राहिला, तेव्हा तिनेच पैसे भरून त्याचा कर्जदारांचा तुरुंग चुकवला. व्हेर्खोव्न्याला जाणाऱ्या ताळेबंदात ही नोंद नव्हती.

मग तो खोटा होता का? मला तसे वाटत नाही. मध्यरात्री उठून तो ज्या हाताने हजारोंनी माणसे निर्माण करत होता त्याच हाताने पहाटे तिला लिहीत होता. तिला लिहिताना तो जो माणूस असे, तो त्या वेळेपुरता खरा असे. शिवाय तिच्याखेरीज एवढी वर्षे त्याने एकाच व्यक्तीला आपला रोजचा हिशेब दिला नाही. ‘ला कोमेदी युमेन’ या एका नावाखाली नव्वदेक कथा-कादंबऱ्या आणि दोन हजारांवर पात्रे गुंफण्याचा त्याचा प्रचंड बेत कसा आकाराला आला, ते आज आपल्याला तिला लिहिलेल्या पत्रांतून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून कळत नाही.

५ जानेवारी १८४२ रोजी काळ्या लाखेची मोहर असलेला लखोटा आला. आदल्या नोव्हेंबरच्या १० तारखेला हान्स्की वारला होता. बाल्झाकने त्या पत्राची वाट दहा वर्षे पाहिली होती असे म्हटले तर क्रूर होईल, पण खोटे होणार नाही. त्याने लगेच लग्नाचे मनोरे रचले. तिचे त्यानंतरचे पत्र मात्र थंड पाण्यासारखे आले. तुम्ही मोकळे आहात, असा त्याचा मतितार्थ होता. जहागिरीवर नवऱ्याच्या नातलगाने दावा लावला होता, मुलगी वयात यायची होती, आणि जमिनीच्या मालकिणीने परक्या देशाच्या माणसाशी लग्न करायचे तर झारची परवानगी लागत होती.

इथून पुढे बाल्झाकचे चरित्रकार तिच्यावर रागावतात. १९४६ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेले श्टेफान झ्वाइगचे चरित्र वाचा. पुस्तक फार सुंदर आहे, पण एव्हलिनाला त्यात उभे राहायला जागा नाही. घमेंडखोर, थंड, टोलवाटोलवी करणारी, मोठ्या लेखकाला झुलवणारी. त्याआधी १९०७ साली ओक्ताव मिर्बोने तर बाल्झाक मरत असताना ती शेजारच्या खोलीत कोणा चित्रकाराबरोबर होती असे छापण्यापर्यंत मजल मारली. तिच्या म्हाताऱ्या मुलीने हरकत घेतल्यावर ती पाने मागे घेतली, आणि अभ्यासक आज त्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण बोभाटा व्हायचा तो झालाच.

बँकेत आम्हांला पहिली शिकवण ही, की अर्धा खातेउतारा बघून खातेदाराविषयी मत देऊ नये. इथे नावे टाकलेले सगळे आपल्यापुढे आहे, जमेचे पानच नाही. बाल्झाकची चारशेहून जास्त पत्रे, आणि तिची एक-दोन. त्याच्या कागदांवर तिचा खटला चालला. ती का कचरत होती? मी तिच्या जागी बसून पाहतो. दर वर्षी दोन वर्षांत कर्ज फेडतो म्हणणारा, चांदीच्या खाणी आणि अननस यांत फसलेला, शपथा घेऊन खोटे बोलणारा अर्जदार समोर आहे. आणि माझ्या हाती आहे ती मुलीची इस्टेट. मी किती वर्षे विचार केला असता?

तिची पत्रे गेली ती अशी. १८४३ च्या उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्गला आठ वर्षांनी भेट झाली. दोघेही जाड झाली होती, त्याची प्रकृती ढासळू लागली होती, पण जुळलेले तुटले नाही. १८४५-४६ मध्ये ती, अ‍ॅना आणि अ‍ॅनाचा वाग्दत्त यांच्याबरोबर तो जर्मनी, इटली फिरला. तिचे मूल पोटात होते. त्याने त्याचे नाव ठरवले होते व्हिक्टर-ओनोरे. १८४६ च्या अखेरीस ते गेले. त्याच वर्षी त्याने तिच्या पैशाने पॅरिसच्या फोर्त्युने रस्त्यावर घर घेतले. आणि तिचेच पैसे उत्तरेकडच्या रेल्वे कंपनीच्या शेअर्समध्ये घातले. ते पडले, हे सांगायला नको.

पासीचे घर जिच्या नावावर होते ती घर सांभाळणारी बाई, लुईझ, आता लग्नाच्या वार्तेने बिथरली. तिचेही काही म्हणणे असणार, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. तिने एव्हलिनाची काही पत्रे पळवली आणि तीस हजार फ्रँक मागितले. विधवेच्या लग्नासाठी झारपुढे अर्ज जायचा आहे, आणि नवरा हयात असतानाची पत्रे बाजारात. बाल्झाकने घासाघीस करून, पैसे मोजून ती परत मिळवली, आणि १८४७ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत आपल्यापाशी असलेली तिची सगळी पत्रे जाळून टाकली. तिचे नाव सुरक्षित राहावे म्हणून. कागदाचा कपटा न टाकणाऱ्या, प्रुफेसुद्धा बांधून ठेवणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांचा ठेवा चुलीत घातला. तिला वाचवण्यासाठी जे केले, त्यानेच तिच्या बाजूचा पुरावा नाहीसा झाला.

तिच्या लेखणीचा एक माग मात्र भलतीकडे उरला आहे. एका तरुण मुलीने नामवंत कवीला पत्र लिहावे आणि उत्तरे भलत्यानेच द्यावीत, या कल्पनेवर बाल्झाकची ‘मोदेस्त मिन्यों’ ही १८४४ ची कादंबरी आहे. अशी गोष्ट एव्हलिनाने लिहिली होती आणि स्वतःच जाळून टाकली होती. तिने पत्रातून सारांश कळवल्यावर तो बाल्झाकने उचलला, आणि पुस्तक नाव न घेता एका पोलिश स्त्रीला अर्पण केले. म्हणजे ते निराळे अक्षर तिच्या मनातून कधी गेले नव्हते.

पत्रे जाळल्यावर लगेचच तो व्हेर्खोव्न्याला निघाला आणि आठेक दिवसांत पोचला, इतक्या वेगाने की आपण येत आहोत हे कळवणारे त्याचे पत्र त्याच्यामागून आले. दुसऱ्यांदा तो १८४८ च्या सप्टेंबरात गेला आणि दीड वर्ष राहिला, बहुतेक काळ आजारी. आता पत्रे लिहायचे कारणच नव्हते. हृदय थकले होते, जिना चढवत नव्हता. लग्न करून तिला मिळायचे काय होते? वाडा, जमीन सगळे तिने मुलीच्या नावावर करून दिले आणि वर्षासनावर राहणे पत्करले. १४ मार्च १८५० रोजी भल्या सकाळी बेर्दीचिव गावच्या सेंट बार्बारा चर्चमध्ये लग्न लागले. चेकॉव्हच्या ‘तीन बहिणी’ या नाटकात एक म्हातारा डॉक्टर वर्तमानपत्रातून ही एवढीच बातमी वाचून दाखवतो, कशाचा कशाशी संबंध नसताना. ते पाहिलेल्यांना हे गाव आठवेल.

बर्फ वितळल्यावर चिखलातून महिनाभराचा प्रवास करून मे अखेरीस दोघे पॅरिसला पोचली. घरात दिवे लागलेले, फुले मांडलेली, आणि दार आतून बंद. नोकराच्या डोक्यावर परिणाम झाला होता. कुलूपवाल्याला बोलावून रात्री नव्या नवरीला आत न्यावे लागले. तीन महिने पुरते झाले नाहीत तोच, १८ ऑगस्टच्या रात्री बाल्झाक गेला. त्या संध्याकाळी व्हिक्टर ह्यूगो भेटून गेला होता. पेर लाशेजच्या दफनभूमीत भाषणही त्यानेच केले.

कायद्याने नवऱ्याचे देणे नाकारण्याची मुभा तिला होती. तिने नाकारले नाही. वर्षानुवर्षे एकेक धनको मिटवत तिने बाल्झाकचे कर्ज फेडले, सासूला तिचे पैसे दिले, अपुरी पुस्तके पुरी करवून छापवली. जो जन्मभर दोन वर्षांत फेडतो म्हणत होता त्याचे खाते निरंक केले ते या बाईने. ती पुढे झाँ झिगू या चित्रकाराबरोबर राहिली, मुलगी-जावयाने पैसा उधळला, शेवटी घर विकावे लागले. १८८२ च्या एप्रिलमध्ये ती वारली आणि बाल्झाकशेजारी पुरली गेली.

तिच्यामागे घरातले कागद लोकांनी अस्ताव्यस्त केले. लोव्हेंझूल नावाच्या एका बेल्जियन उमरावाला बाल्झाकच्या कागदांचे वेड होते. तो आसपासच्या दुकानांतून हिंडला, आणि पुड्या बांधायला गेलेल्या रद्दीतून पाने सोडवून आणली, असे सांगतात. बाल्झाकने तिला लिहिलेली पत्रे अशी वाचली. १८९९ पासून ती पुस्तकरूपाने छापून येऊ लागली, १९६७ ते १९७१ या काळात रोझे पिएरो यांनी चार खंडांत नीट संपादून काढली. तिच्या हातचे जे एक पत्र लोव्हेंझूलला मिळाले ते ७ नोव्हेंबर १८३२ चे आहे, ज्यात तिने आपली पत्रे मिळाल्याची पोच मागितली होती.